उणे एक

त्या ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर आम्हा सगळ्यांचं लॉगिन एकच होतं. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. सुरक्षेच्या नावाने बोंब, पण एकोपा मोठा. तो मी मोडला.

ढीगभर फायली झटपट चाळायला मी सी-मध्ये प्रोग्रॅम लिहिला. फोर्क म्हटलं की चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत जन्माला येते हे कळल्यापासून मला पोरवड्याचा सोसच लागला होता. फोर्क आईला पोराचा क्रमांक देतो, पोराला शून्य, आणि जमलंच नाही तर उणे एक. पहिल्या दोन गोष्टी मला तोंडपाठ होत्या. तिसरी आपल्याला कशाला लागते!

एका लॉगिनला किती प्रोसेस, याला मर्यादा असते. ती आली. फोर्क मुकाट उणे एक देत राहिला आणि मी ते आपल्याच लेकरांचे क्रमांक समजून यादीत टिपत राहिलो. शेवटी साफसफाई, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला किल. सिग्नल १५ 'आवरतं घ्या' असं सांगतो, त्याकडे कानाडोळा करता येतो. ९ पुढे कुणाचंच चालत नाही. मी अर्थातच ९ घेतला.

आता, किलला उणे एक दिलं की त्याचा अर्थ होतो : ज्यांना ज्यांना मारायचा तुला अधिकार आहे ते सगळे! एडिटर, शेल, लोकांचे अर्धवट रिपोर्ट, सगळं खलास. लिनक्स अशा वेळी मारणाऱ्याला तेवढं वगळतं. त्यात मी नोहप लावलेला, त्यामुळे टर्मिनल गेलं तरी माझा प्रोग्रॅम ठणठणीत. शेल मेल्यामुळे तो अनाथ झाला, तर १ क्रमांकाच्या प्रोसेसने त्याला दत्तक घेतलं.

यादीत उणे एक पुष्कळ होते. सर्व्हरला दमणूक नको म्हणून दोन किलमध्ये मी पाच सेकंदांची विश्रांती ठेवली होती. लोक पुन्हा लॉगिन करत आणि पाच सेकंदांत पुन्हा बाहेर. "नेटवर्क गंडलंय," असं सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडत होतो. राउटरही बंद-चालू करून आलो.

अ‍ॅडमिन मॅडम रूट म्हणून शिरल्या. त्यांच्यापुढे माझ्या प्रोग्रॅमची काय टाप! त्यांनी पीएस चालवलं. आमच्या लॉगिनखाली जिवंत एकच प्रोसेस, आणि खाली झोंबींची रांग : मेलेली पोरं, मी वेट लिहिलाच नसल्यामुळे नोंदवहीत अडकलेली. सगळ्यांचं नाव एकच. फायलीला मी हौसेने स्वतःचंच नाव दिलं होतं, आडनावासकट.