दुपारी देता, रात्री मागता

आमच्या कॉलनीतला पहिला सौरप्रकल्प काकूंचा. त्याला आता चाळीस वर्षं होतील. गच्चीवर एक जुनं नऊवारी, चार कोपऱ्यांना चार विटा, आणि वर कुरडया, सांडगे, पोह्याचे पापड. अर्ज नाही, अनामत नाही, स्टँपपेपर नाही. तपासणीला कावळा यायचा. तो एक सांडगा घेऊन जायचा आणि प्रकरण मंजूर व्हायचं.

गेल्या वर्षी त्याच गच्चीवर काकांनी दुसरा प्रकल्प उभारला. त्याची ही हकिगत.

काका एका सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक विभागात होते. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक. मधल्या काळात कागदाचं काय होई ते त्यांनाही ठाऊक नसे आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. खिडकीशी आलेल्या माणसाला ते ‘उद्या या’ इतक्या मायेने सांगत की माणूस खरोखरच दुसऱ्या दिवशी येई.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरांच्या छपरांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. एक कोटी घरं, खर्च ७५,०२१ कोटी रुपये. आहेराच्या पाकिटात वर रुपया घालावा तसे वर घातलेले ते एकवीस कोटी काकांना फार भावले. ‘नुसते पंच्याहत्तर हजार म्हणाले असते तर थाप वाटली असती,’ ते म्हणाले, ‘एकवीस म्हणजे कुणीतरी खरंच बेरीज केलेली दिसते.’ पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असं ७८ हजार अनुदान. पुढे दहा लावा नाहीतर वीस, ७८ हजारच. म्हणून काकांनी तीन लावले. आपल्याकडच्या उन्हात एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटं पडतात. म्हणजे रोजची बारा, महिन्याची साडेतीनशे. घरात माणसं दोन, फ्रिज एक, आणि एक मिक्सर, जो काकू शेजाऱ्यांची झोपमोड होईल म्हणून दुपारी लावत नाहीत. ‘उरलेली वीज राज्याला,’ काका म्हणाले. त्या क्षणी त्यांच्या कानात कुंडलं दिसली असं काकू अजून सांगतात.

काकांना मोह पडला तो नेट मीटरचा. ग्रिडमधून घेतलेली युनिटं एका खात्यात, ग्रिडला दिलेली दुसऱ्या खात्यात, महिन्याच्या शेवटी वजाबाकी. ‘अरे, हे तर आवक-जावक!’ तीस वर्षं ज्या कामाला घरात कुणी काम मानलं नव्हतं, ते आता साक्षात सूर्य करणार होता.

ही कल्पना म्हणे मीटरनेच काढली. जुन्या मीटरमधली तबकडी विजेच्या दिशेप्रमाणे फिरे. १९७९ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टीव्हन स्ट्राँग नावाच्या वास्तुविशारदाने एका इमारतीवर सौरपट्ट्या बसवल्या, तर ऊन चढल्यावर तबकडी उलटी फिरायला लागली. मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये त्याचा कायदाच केला. म्हणजे आधी मीटर उलटा फिरला, मग सरकार हललं. आपल्याकडे क्रम थोडा वेगळा आहे. इथे आधी ग्राहक फिरतो.

काकांचं फिरणं सुरू झालं तेव्हा कागदावर सगळं आलबेल होतं. २०२४ मध्येच वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी लागणार नाही, तो मंजूर झाल्याचं गृहीत धरलं जाईल, असं ठरलं आहे. आजवर ग्राहकाला गृहीत धरत असत, आता मंजुरीला धरतात. सोलरवाला पोरगा ‘काका, टेन्शनच घेऊ नका’ म्हणाला. माझ्या अनुभवात हे वाक्य ऐकल्यापासून टेन्शन सुरू होतं. सहा पट्ट्या दोन दिवसांत चढल्या, इन्व्हर्टर जिन्यात लागला, आर्थिंगचे खड्डे काकूंच्या तुळशीच्या दोन्ही बाजूंना खणले गेले. राहिला फक्त नेट मीटर.

तो वीज कंपनीकडे नव्हता. ‘स्टॉक आला की कळवतो,’ खिडकीतला मुलगा म्हणाला, आणि काकांकडे पाहून मायेने म्हणाला, ‘उद्या या ना.’ काका घरी येऊन बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘उच्चारसुद्धा माझाच होता.’

सात आठवडे सहा पट्ट्या उन्हात तापत पडल्या. विजेचा थेंब कुठे जात नव्हता. शेवटी काकांच्या भाच्याने, ज्याने आयटीआयचं एक वर्ष केलं आहे, सल्ला दिला की नुसतं चालू करून टाका, मीटर काय, येईल तेव्हा येईल. काकांनी केलं. महिन्याचं बिल आलं ते दीडपट. आपल्या घरातले साधे इलेक्ट्रॉनिक मीटर फार सरळमार्गी असतात. वीज आत आली काय नि बाहेर गेली काय, त्यांच्या लेखी वापरलीच. काकांनी राज्याला दान दिलेल्या प्रत्येक युनिटाचे पैसे राज्याने काकांकडूनच घेतले. कर्णाच्या बाबतीतही देवांनी असंच काहीसं केलं होतं, पण त्याला निदान पुढच्या महिन्यात ‘विवाद असल्यास अर्ज करावा’ असं सांगितलं नव्हतं.

याच सुमारास काकांचा पुतण्या जर्मनीहून आला. तिथे म्हणे लोक बाल्कनीच्या कठड्याला दोन पट्ट्या बांधतात आणि पिन भिंतीतल्या सॉकेटात खोचतात. इस्त्रीसारखी. २०२४ पासून ८०० वॉटपर्यंतच्या अशा यंत्राला नुसती इंटरनेटवर नोंद पुरते, आणि नवा मीटर येईपर्यंत जुन्याची तबकडी उलटी फिरली तरी चालवून घेतात. कॉलनीतल्या कुणाचा विश्वास बसला नाही. जर्मन माणूस नियमाला पक्का असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तो नियम इतका आखूड असेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

नेट मीटर अखेर आला. काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं. काकांनी जुन्या सवयीने एक रजिस्टर घातलं आणि रोज संध्याकाळी आवक व जावक लिहायला घेतलं. दुपारी पडद्यावर जावकचे आकडे पळू लागले की ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवत, आणि आम्हीही जात असू, कारण काकू चहा करीत.

त्या चहाने घात केला. कॉलनीत साथ पसरली. ज्यांनी कधी गच्चीवरचं टाकीचं झाकण लावलं नव्हतं ते अँगल आणि झुकाव यांवर बोलू लागले. आमचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, १०० केव्हीएचा. डीपीच्या क्षमतेच्या किती भागापर्यंत छपरावरची वीज जोडायची याला मर्यादा असते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या नियमांत ती ४० टक्के होती, २०१९ च्या नियमांत ७० झाली. सत्तर भागिले तीन म्हणजे तेवीस घरं. चोविसावे आमचे दातांचे डॉक्टर. त्यांना कळवण्यात आलं की डीपी भरला. एसटीचा कंडक्टर आतून हात हलवतो तसं. डॉक्टरांनी नियमांतली ओळ काढून दाखवली, की पाच किलोवॅटपर्यंत यंत्रणेची क्षमता वाढवायची तर खर्च कंपनीने करायचा आहे. साहेबांनी ती ओळ वाचली, छान आहे म्हणाले, आणि झेरॉक्स मागितली.

डीपीचंही अगदीच खोटं नाही. भर दुपारी माणसं कचेरीत, मुलं शाळेत, आणि तेवीस छपरं एकदम वीज ढकलत असतात. पंगतीत सगळेच वाढपी झाले आणि पानावर कुणी बसलंच नाही, असा तो प्रकार. तारेतला दाब २३० व्होल्टवरून चढत जातो आणि एका मर्यादेपलीकडे इन्व्हर्टर शहाण्यासारखा स्वतःहून बाजूला होतो. म्हणून लाईनच्या शेवटच्या घरांत ऐन बारा वाजता, सर्वांत जास्त ऊन असताना, प्रकल्प बंद पडतो. लाईनच्या शेवटी राहणाऱ्यांना आजवर पाणीही असंच मिळत आलं आहे, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही.

खरा प्रसंग मे महिन्यात घडला. दुपारी एकला लाईट गेली. काका हसले. आम्हा सर्वांना खिडकीतून दिसेल असे हसले. मग त्यांचाही पंखा थांबला.

डोक्यावर ऊन असं की चप्पल काढून गच्चीवर पाय ठेवता येऊ नये, त्या उन्हात तीन किलोवॅटचा प्रकल्प, आणि खाली प्रकल्पाधिकारी वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले. त्यातून काकांनी जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी महिन्यापूर्वी भंगारवाल्याला घातली होती, ‘आता आपल्याला कशाला’ म्हणून. त्या पैशांत त्यांनी पेढे वाटले होते. आम्ही ते खाल्ले होते, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

सोलरवाल्याने फोन उचलला नाही. उलगडा केला तो वायरमनने. खांबावरूनच म्हणाला, ‘काका, लाईन बंद आहे म्हणून मी वर चढलो. तुमची वीज खालून लाईनीवर आली तर मी इथेच चिकटेन. म्हणून ग्रिड गेलं की तुमचं मशीन आपोआप पडतं. ते पडायलाच पाहिजे.’

या सगळ्या प्रकरणात जितक्या अटी काकांनी सही करून मान्य केल्या, त्यांतली हात जोडून मान्य करावी अशी ही एकच. बाकीच्या अटी कागदासाठी होत्या, ही माणसासाठी आहे. बॅटरीवालं संकरित यंत्र घेतलं तर लाईट गेल्यावर घर लाईनीपासून तोडून आपल्यापुरतं चालवता येतं, पण त्याला पैसे जास्त पडतात. काकांना हे आधी कुणी सांगितलं नाही. सोलरवाल्याने टेन्शन न घेण्याबद्दल तेवढं सांगितलं होतं.

आता बिलाविषयी. काकांनी शून्य बिलाची चौकट करून भिंतीवर लावायचं ठरवलं होतं. शून्य आलं नाही. वीज आकार शून्य झाला, पण त्याच्या वर स्थिर आकार उभा होता. तुम्ही वीज घ्या, देऊ नका, गावाला जा, तो स्थिर. या राज्यात इतकं स्थिर दुसरं काही मला तरी आठवत नाही.

आणि मार्च. शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात ओढता येतात, पण हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. थंडीत पंखे बंद, आकाश स्वच्छ. काकांची जावक डिसेंबरपासून साठत गेली. मार्चअखेरीस उरलेली युनिटं कंपनीने तिच्या दराने विकत घेतली. तो दर आपण तिला देतो त्या दराच्या ओळखीचाही नसतो. दुसऱ्या दिवशी एप्रिल लागला, कूलर सुरू झाला, खातं कोरं. उन्हाळ्याच्या तोंडावर शिल्लक पुसायची ही युक्ती ज्याला सुचली, तो नक्कीच थंड हवेच्या ठिकाणी राहात असावा.

काका साहेबांना भेटले. साहेब सभ्य होते, त्यांनी पंखा काकांच्या दिशेने वळवला. म्हणाले, ‘काका, राग मानू नका. दुपारी देता, रात्री मागता. दुपारी ऊन सगळ्यांकडेच असतं. संध्याकाळी सातला तुम्हाला जी वीज देतो ती मला कोळसा जाळून आणावी लागते. तुमच्या दुपारच्या युनिटाला मी संध्याकाळचा भाव का द्यावा?’

प्रश्न बिनतोड आहे. फक्त तो अर्धा आहे. उरलेला अर्धा साहेबांच्या तोंडून येणार नाही म्हणून मी लिहितो. महिन्याला तीनशेच्या वर युनिटं जाळणारा ग्राहक चढा दर भरतो, त्यातून खालच्या टप्प्यांतल्यांचा भार उचलला जातो. छपरावर पट्ट्या बसवणारा बहुतेक हाच ग्राहक असतो, कारण परवडतं त्यालाच. म्हणजे पळून चालली आहे ती दुभती गाय, आणि दुःख दुधाचं आहे, कोळशाचं नव्हे. २०१९ मध्ये आयोगाच्या मसुद्यात नेट मीटरची सवलत ३०० युनिटांपर्यंतच ठेवण्याचा घाट होता. हरकतींचा पाऊस पडला आणि अंतिम नियमांत तो राहिला नाही. पण मसुदे मरत नसतात. आवक क्रमांक पडलेला कागद कुठेतरी असतोच, हे काकांइतकं कुणाला ठाऊक?

काकूंच्या प्रकल्पाचे मात्र हाल झाले. गच्चीवरचं चांगलं ऊन पट्ट्यांनी घेतलं, खाली सावली. काकूंनी नऊवारी उचललं आणि शेजारच्या डॉक्टरांच्या गच्चीवर अंथरलं, डीपी भरल्यामुळे ती रिकामीच आहे. बदल्यात डॉक्टरीणबाईंना चौथा हिस्सा कुरडया. दर काय, करार काय, मीटर काय, कुणी विचारलं नाही. कावळ्याने पत्ता शोधून काढला.

काल रात्री नऊला पुन्हा लाईट गेली. वायरमन आला, डोक्याला बॅटरी बांधून खांबाशी उभा राहिला आणि अंधारातच ओरडला, ‘काका, तुमचा मेन पाडलाय ना?’

‘अरे, सूर्य मावळून दोन तास झाले!’ काका गच्चीवरून म्हणाले.

‘तरी पाडा.’