बेसराव

मोटारीच्या डिकीत स्टेपनी, जॅक आणि प्रवासाच्या बॅगा यांची परंपरागत वहिवाट असते, अशी समजूत ज्यांच्या ठायी अद्याप शिल्लक असेल, त्यांनी एकवार आमच्या गल्लीतील बेसरावांच्या गाडीमागे उभे राहावे. हे नाव त्यांच्या मातापित्यांनी ठेवलेले नव्हे. ते गल्लीने बहाल केले, आणि बेसरावांनी एखादा किताब स्वीकारावा तशा विनयाने ते धारण केले.

मजकूर डिकीत 18 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या पेटीत 15 इंची वूफर विराजमान आहे. पेटी बंद ठेवावी की तिला पोर्ट काढावा, या प्रश्नावर बेसरावांनी तीन महिने अन्नावरची वासना अशी काही घालवली, की चिरंजीवांचे कोठेतरी जमले असावे, या आनंदात मातोश्री होत्या. बंद पेटीचा बेस आटोपशीर, पोर्टाच्या पेटीचा दांडगा. अखेर स्वभावधर्माने कौल दिला तो पोर्टालाच. पुढे बॅटरीपासून डिकीपर्यंत करंगळीएवढी लाल वायर, तिच्या उगमाशीच फ्यूज, आणि सिग्नलची वायर मात्र सोवळ्यातल्या बाईसारखी गाडीच्या दुसऱ्या अंगाने, कारण दोघींची शिवाशिव झाली की अल्टरनेटरची शीळ स्पीकरांतून ऐकू येते, असा सारा बंदोबस्त त्यांनी दस्तुरखुद्द करविला. अर्थिंगसाठी नव्या गाडीचा रंग पॉलिश पेपरने खरवडून उघडा पत्रा काढावा लागला, तेव्हा मात्र हप्ते भरणारे त्यांचे वडील घरात निघून गेले.

हे वडील कचेरीतून निवृत्त झालेले. गिरणीवरून परतताना दळणाचा डबा ते मांडीवर घेऊन बसतात, कारण डिकीत आता जागा मागणे म्हणजे गाभाऱ्यात सायकल ठेवू द्या म्हणण्यासारखे आहे. हजार वॅटांचा अ‍ॅम्प्लिफायर 12 व्होल्टांच्या बॅटरीकडून 80 अँपियरांहून अधिक वसुली करतो. सबब रात्री ढोलाच्या प्रत्येक ठोक्यास गाडीचे दिवे मंदावतात, आणि समोरून येणारा भला गृहस्थ, आपल्याला डिपर दिला असे समजून, अदबीने कडेला होतो. शिवाय 40 हर्ट्झच्या नादाची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब. गाडी तिच्या निम्मीही नाही. उरलेली लाट शेजाऱ्यांच्या भांड्यांच्या मांडणीत मुक्कामास येते.

परंतु बेसरावांना संगीताचा शौक आहे, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. गाणे त्यांनी पुरते ऐकल्याचे मला स्मरत नाही. ते ऐकतात ती खडखड. वूफर बसल्या दिवसापासून गाडीतील प्रत्येक स्क्रू आपापली कैफियत मांडू लागला असून, डोळे मिटून, मान तिरकी करून, नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याच्या गांभीर्याने ते तिचा माग काढीत असतात. दाराच्या आत डॅम्पिंगचे पत्रे चिकटवितात, सीटबेल्टच्या बकलाला फडके गुंडाळतात. एकदा तर तीन दिवसांच्या शोधाअंती दोषी ठरले ते वडिलांच्या दळणाच्या डब्याचे झाकण.

गेल्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. “काका, जरा मागची नंबरप्लेट दोन्ही हातांनी दाबून धरता का? मी आत बसून ऐकतो.” मी धरली. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. तेवढ्यात रस्त्याने जाणारे दोन अनोळखी तरुण, अस्तन्या सारून, माझ्या शेजारी येऊन वाकले आणि म्हणाले, “काका, तुम्ही सरका. सेकंडला टाकायला सांगा त्यांना, आम्ही ढकलतो.”