उंदराचा माझ्यावर जीव

जिवंत मेंदूतलं डोपामीन मोजायचं तर सात मायक्रॉन जाडीचा कार्बनचा धागा लागतो. माणसाचा केस त्याच्या साधारण दहापट जाड असतो. हा धागा काचेच्या केशनळीत ओढून घ्यायचा, नळी तापवून ताणायची, आणि टोकाला डोकावणारा धागा सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने कापायचा. कापताना श्वास रोखून धरायचा असतो. मला शिंक नेमकी तेव्हाच येते. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत माझ्या संशोधनाने पहिल्यांदा काय भरलं असेल, तर फुटक्या काचांचा डबा.

पुढचं काम कागदावर सोपं. हा धागा म्हणजेच इलेक्ट्रोड, तो उंदराच्या मेंदूत. व्होल्टेज उणे ०.४ पासून १.३ पर्यंत चढवायचं आणि परत उतरवायचं, सेकंदाला ४०० व्होल्ट या वेगाने, आणि हे सेकंदातून दहा वेळा. ०.६ व्होल्टच्या आसपास डोपामीनचा रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो. तेवढाच काय तो आपला प्रवाह. गोम अशी की व्होल्टेज नुसतं वरखाली करण्यातच याच्या शंभरपट प्रवाह वाहून जातो. मांडवात बँड वाजत असताना नवरदेवाच्या पोटातली गुरगुर ऐकायची, असा तो प्रकार. बँड वजा करायचा आणि उरेल त्याला डोपामीन म्हणायचं.

मी म्हणालो.

उंदराला साखरेची गोळी दिली की पडद्यावरची रेषा चढायची. मग लक्षात आलं की गोळी द्यायच्या आधीच चढते, मी पिंजऱ्याजवळ गेलो की लगेच! मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांत दाखवलंच आहे की बक्षिसाची खूण पटली की डोपामीनच्या पेशी बक्षिसाआधीच उसळतात. इथे ती खूण म्हणजे साक्षात मी. दारात उभा राहिलो तर रेषा जराशी हलायची, जवळ गेलो की उंच जायची. शेजारच्या टेबलावरची मुलगी गेली तेव्हाही थोडी चढली. उंदीर स्वभावाने मनमिळाऊ, अशी मी वहीत नोंद केली. रात्री घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी आमच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं की अमेरिकेतल्या एका उंदराचा माझ्यावर जीव जडला आहे.

गटाच्या बैठकीत मी आलेख दाखवला. आमच्यातल्या सीनियर बाई शांतपणे म्हणाल्या, “पूर्ण वक्र दाखव.” डोपामीनची ओळख त्या वक्रावरून पटते: जाताना ०.६ पाशी उंचवटा, परतीच्या वाटेवर उणे ०.२ पाशी खळगा. मी आपला एकट्या ०.६ वर डोळा लावून बसलेलो. पूर्ण वक्रात उंचवटाही नव्हता आणि खळगाही नव्हता.

बाईंनी उंदीर बाजूला ठेवला, इलेक्ट्रोड मिठाच्या पाण्याच्या बीकरमध्ये सोडला आणि मला जवळ यायला सांगितलं. रेषा चढली. बीकरचाही माझ्यावर तितकाच जीव होता.

पिंजऱ्याभोवतीच्या, बाहेरची वीज अडवणाऱ्या धातूच्या जाळीची अर्थिंगची क्लिप निसटली होती. भिंतीतल्या तारांची ६० हर्ट्झची वीज मी अँटेनासारखा अंगावर झेलत होतो आणि इलेक्ट्रोडला पोहोचवत होतो. एरवी असला गोंगाट थरथरत येतो, लगेच ओळखू येतो. पण आम्ही मोजत होतो सेकंदाला दहा वेळा, आणि साठाला दहाने नि:शेष भाग जातो. त्यामुळे प्रत्येक माप लाटेच्या जवळजवळ त्याच जागी पडायचं आणि थरथर न दिसता रेषा सभ्यपणे वर सरकायची. फसवणुकीतही इतकी शिस्त असावी, याचं मला आजही कौतुक वाटतं.

कुणीतरी समजूत घातली: कॅन्सस विद्यापीठाच्या राल्फ अ‍ॅडम्स यांनी १९७३ मध्ये उंदराच्या मेंदूत कार्बनचा इलेक्ट्रोड बसवला, या शास्त्राचा पायाच घातला, आणि त्यांना दिसलेला प्रवाह पुढे मुख्यत्वे ॲस्कॉर्बिक ॲसिडचा, म्हणजे क जीवनसत्त्वाचा, निघाला. मेंदूत ते डोपामीनच्या हजारो पट असतं आणि जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतं. मला काही फारसं बरं वाटलं नाही. अ‍ॅडम्सना निदान क जीवनसत्त्व तरी सापडलं होतं. मला सापडलं भिंतीतलं वायरिंग.

घरी फोन करून सगळं सांगावं लागलं. आईने आधी उंदराची चौकशी केली. मग बाबांनी फोन घेतला. त्यांची उभी हयात वीज मंडळात वायरमन म्हणून गेली. डोपामीन, शुल्ट्झ, सात मायक्रॉन हे सगळं त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

“अरे, पण कामाला हात घालायच्या आधी अर्थिंग बघितलं नव्हतंस?”

“नाही.”

“बरं. आता क्लिप काढ, पॉलिशपेपरने घास, आणि घट्ट बसव. गंज असेल तर नुसती लावून उपयोग नाही.”

गंज होता.