विनातारण, विनाव्याज, विनातक्रार

रिझर्व्ह बँकेला एक नम्र सूचना आहे. नव्या बँकांना लायसन्स देण्यासाठी अर्ज चाळत बसण्यापेक्षा चार अधिकारी भोसरी, अंबड, वाळूज आणि शिरोलीच्या एमआयडीसीत पाठवावेत. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये, दोन सीएनसी आणि एका म्हाताऱ्या लेथच्या भरवशावर, या देशातला सर्वांत धाडसी कर्जपुरवठा वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू आहे. कर्ज देणारा माणूस पाटीवर स्वतःला प्रोप्रायटर म्हणवतो. कर्ज घेणारी पार्टी शेअर बाजारात नोंदलेली असते.

व्यवहार असा. प्रोप्रायटर टेम्पो भरून माल पाठवतो. टेम्पो गेटवर थांबतो, कारण आत जागा नाही. माल आत गेला की स्टोअर्स, मग इन्स्पेक्शन, मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती. पैशांची मुदत मोजायची ती जीआरएन पडल्यापासून. टेम्पोवाला गेटवर वडापाव खात होता ते दिवस हिशेबात नाहीत. पर्चेस ऑर्डरवर ९० दिवस छापलेले असतात. नव्वदाव्या दिवशी हमखास रविवार येतो. मग कळतं की पेमेंट महिन्यातून दोनदाच सुटतं. मग सिस्टिम अपग्रेड होते. मग अकाउंट्समधले साहेब सहकुटुंब वैष्णोदेवीला जातात. एकशे दहाव्या दिवशी पैसे जमा होतात, तेही कसलीशी डेबिट नोट कापून. दहा लाखांच्या बिलावर ११ टक्के दराने ११० दिवसांचं व्याज साधारण ३३ हजार रुपये होतं. हे व्याज प्रोप्रायटर आपल्या बँकेला भरतो. कंपनी कोणालाच भरत नाही. तिच्या वार्षिक अहवालात 'खेळत्या भांडवलाचं कार्यक्षम व्यवस्थापन' अशा मथळ्याखाली चार ओळी आणि एक हिरवा बाण येतो.

कायदा नाही असं कृपया कोणी समजू नये. कायदा २००६ सालचा आहे आणि चांगला दणदणीत आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. दोघांनी मिळून काहीही लिहून ठेवलं असलं तरी त्यापलीकडे जायचं नाही. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार करायला २०१७ पासून 'समाधान' नावाचं पोर्टल आहे. तिथे तक्रार केली की माणसाचं समाधान होतं. फक्त पुढची ऑर्डर येत नाही. त्यामुळे प्रोप्रायटर लोक हे कलम एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात, वर अंगठा दाखवतात आणि पुढच्या टेम्पोचं चलन बनवायला घेतात.

मग आयकर खातं मदतीला धावलं. १ एप्रिल २०२४ पासून नियम आला की लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरायचा नाही. हेतू उत्तम. पण ज्या उद्यम नोंदणीसाठी लोकांनी सायबर कॅफेत रांगा लावल्या होत्या, ती आता रद्द करून टाकावी की काय, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली. लहान असल्याचं सर्टिफिकेट जवळ बाळगलं की मोठी गिऱ्हाइकं बिचकतात!

असो. तर दहा तारीख आली आहे, कामगारांचे पगार व्हायचे आहेत आणि कंपनीचं पेमेंट वैष्णोदेवीला गेलेलं आहे. तेव्हा आमचा प्रोप्रायटर बँकेत जातो.

बँकेत योजनांना तोटा नाही. २०१५ पासून मुद्रा आहे. त्यात ५० हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. २०२४ च्या अर्थसंकल्पात 'तरुण प्लस' आला, वीस लाखांपर्यंत. पण आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांसाठीच. प्रोप्रायटरचं वय ५८. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून तो किशोरच्या फॉर्मवर सही करतो. ज्येष्ठ नागरिक ही कॅटेगरी बँकेने ठेवी घेण्यासाठी राखून ठेवलेली आहे.

शिवाय एकोणसाठ मिनिटांत कर्ज आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. जीएसटी, आयकर, बँक स्टेटमेंट सगळं मशीनला दाखवायचं आणि तासाच्या आत मंजुरी. मंजुरी तत्त्वतः. म्हणजे साखरपुडा एकोणसाठ मिनिटांत. लग्नाची तारीख मुलीकडचे मागाहून कळवतील. प्रोप्रायटर प्रिंटआउट घेऊन शाखेत गेला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी तो कौतुकाने पाहिला, फाइलला लावला आणि म्हणाले, "छान. आता काका, आपण पहिल्यापासून सुरुवात करू."

पहिल्यापासून म्हणजे तीन वर्षांचे रिटर्न, ताळेबंद, जीएसटी, लाइटबिल, शेडचा करार, शेडमालकाचा करार, घरच्यांचं पॅन आणि मग तो नाजूक विषय. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, हे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच सांगून ठेवलं होतं. मॅनेजरसाहेबांना ते तोंडपाठ आहे. "विनातारणच आहे हो," ते म्हणतात, "फ्लॅटची कागदपत्रं फक्त एकदा बघायला आणा."

तारणच नको असेल तर सरकारचा गॅरंटी ट्रस्ट आहे, २००० सालापासून. इथे हमीची फी भरतो प्रोप्रायटर, हमी मिळते बँकेला आणि कर्ज बुडालं तर ट्रस्ट भरपाई देतो तीही बँकेलाच. प्रोप्रायटरकडची वसुली चालूच राहते. हे सगळं त्याला नीट समजावून सांगितल्यावर त्याने विचारलं, "मग यात माझं काय?" त्यावर मॅनेजरसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "सही."

मॅनेजरांना मी दोष देत नाही. अब्जावधींचं कर्ज बुडालं तर दिल्लीत समिती बसते. आठ लाखांचं बुडालं तर मॅनेजरचं प्रमोशन बसतं. त्यात तीन वर्षांनी त्यांची बदली असते. प्रोप्रायटरची फाइल त्यांना थोडीफार कळायला लागते न लागते, तोच टेबलावर पेढे येतात आणि नवे साहेब म्हणतात, "काका, आपण पहिल्यापासून सुरुवात करू."

फाइलमधला सर्वांत वाचनीय भाग म्हणजे सीएने करून दिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट. नारळीकरांनंतर मराठी विज्ञानकथेचं काय होणार, अशी चिंता करणाऱ्यांनी एकदा एखाद्या सीएचं कपाट उघडून पाहावं. भाषा इंग्रजी, कल्पनाशक्ती अस्सल इथली. नायक समितीच्या जुन्या हिशेबाप्रमाणे लहान उद्योगाला अंदाजित वार्षिक विक्रीच्या २० टक्के खेळतं भांडवल मिळतं. झालेली विक्री नव्हे, होणारी. म्हणजे वीस लाखांची लिमिट हवी असेल तर पुढच्या वर्षी विक्री किती होणार हे ज्योतिषाला विचारायची गरज नाही. वीसला पाचने गुणायचं. एक कोटी. ती कशी होणार याच्या समर्थनार्थ बाजारपेठेवर दीड पान असतं. ते दीड पान बेकरीच्या फाइलमध्येही असतं आणि फाउंड्रीच्याही. एकदा फाउंड्रीच्या रिपोर्टमध्ये 'ताज्या उत्पादनाला सकाळी विशेष मागणी' असं वाक्य राहून गेलं होतं. लिमिट मंजूर झाली.

लिमिट मंजूर झाली की दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट. माल किती, येणी किती, त्यावरून किती पैसे उचलता येतील ते ठरतं. आणि इथे खरी मेख आहे, जरा सावकाश वाचा. ९० दिवसांहून जुनी येणी बँक सहसा धरत नाही. म्हणते, इतके दिवस पैसे आले नाहीत म्हणजे पार्टी संशयास्पद. आता ही पार्टी कोण? तीच, वैष्णोदेवीवाली. तिला हीच बँक, कदाचित याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून, शेकडो कोटी सर्वांत कमी दराने देते, वर दिवाळीला सुकामेव्याचा डबा पाठवते. तिचं रेटिंग तीन वेळा ए. म्हणजे वरच्या मजल्यावर जी कंपनी सोनं, तिच्याच सहीशिक्क्याचं बिल खाली प्रोप्रायटरच्या हातात आलं की एक्क्याण्णवाव्या दिवशी भंगार. कंपनी पैसे देत नाही म्हणून प्रोप्रायटरला बँकेची गरज. आणि कंपनी पैसे देत नाही म्हणूनच बँक त्याची लिमिट आवळते. या दोन वाक्यांत काही विसंगती दिसते का, असं मी एका बँकरला विचारलं. तो म्हणाला, दोन वेगवेगळी डिपार्टमेंट आहेत.

यावरही उपाय निघालेला आहे. २०१७ पासून देशात बिलं ऑनलाइन विकण्याची सोय आहे. कंपनीने बिल मान्य करायचं, बँका त्यावर बोली लावणार, प्रोप्रायटरला थोडं व्याज कापून लगेच पैसे. कंपनीने पैसे चुकवले तरी त्याच्या गळ्याला फास नाही. खरोखर हुशारीची योजना आहे, उपहास बाजूला ठेवून सांगतो. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी करणं सक्तीचं केलं. नोंदणी सक्तीची, बिल चढवणं मर्जीचं. तेव्हा कंपन्यांनी नोंदणी केली. बिलं पूर्वीसारखीच अकाउंट्समध्ये ऊन खात आहेत.

कर्ज मिळत नाही असं मात्र नाही. दुपारी जेवायला बसलं की फोन येतो. पलीकडची मुलगी हिंदीत सांगते की आपलं कर्ज आधीच मंजूर झालं आहे. प्रोप्रायटरला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी न मागता मंजूर केलेलं असतं; तो विरघळतो. दहा लाख, तीन वर्षं, फ्लॅट बारा टक्के. हप्ता ३७,७७८ रुपये. मुद्दल दरमहा कमी होत जातं पण व्याज पहिल्या दिवसाच्या मुद्दलावरच बसलेलं, त्यामुळे खरा दर पडतो एकवीस टक्क्यांच्या वर. ऑक्टोबर २०२४ पासून खरा वार्षिक दर एका कागदावर वेगळा लिहून द्यावा लागतो. देतात की! मोबाइलवर येतो, अकराव्या 'ॲग्री'च्या अलीकडे.

आणि सगळं थकलं की सोनं. सोनेतारणाच्या दुकानात तीन वर्षांचे रिटर्न कोणी मागत नाही. काउंटरवर पाटल्या ठेवायच्या, पोरगं घासून बघतं, वजन करतं, अर्ध्या तासात पैसे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत तर अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के रक्कम देता येते. वीस वर्षांचा धंदा, वेळेवर भरलेला जीएसटी, न चुकवलेले हप्ते यांची पत एका बाजूला आणि बायकोने लग्नात आणलेल्या चार पाटल्यांची दुसऱ्या बाजूला. सदर बाईंचं नाव धंद्याच्या कोणत्याच कागदावर नाही. जामीनदार म्हणून तेवढं आहे.

यू. के. सिन्हा समितीने २०१९ मध्ये असा अंदाज दिला होता की लघुउद्योगांना हवं असलेलं कर्ज आणि मिळणारं कर्ज यांत २० ते २५ लाख कोटींची दरी आहे. ही दरी कोणी पाडली ते मात्र प्रोप्रायटरला विचारा. तो उभा आहे तिथून तिचा तळ दिसतो.

म्हणूनच लायसन्सची सूचना. बँक उघडायचीच असेल तर रीतसर उघडावी, असं मी प्रोप्रायटरला सुचवलं. आम्ही दोघांनी बसून नियमावलीही केली. यापुढे ज्या कंपनीला त्याच्याकडून ९० दिवसांची उधारी हवी, तिने विहित नमुन्यात अर्ज करावा. सोबत मॅनेजिंग डायरेक्टरांचे दोन पासपोर्ट फोटो, मागे नाव लिहून. त्यांच्या सौभाग्यवतींची सही. राहत्या बंगल्याचं चालू लाइटबिल. दोन जामीनदार, पैकी एक सरकारी नोकरीतला. येत्या पाच वर्षांत कंपनी पैसे कसे देणार याचा प्रोजेक्ट रिपोर्ट. मंजुरीपूर्वी प्रोप्रायटरचा मेव्हणा कारखान्याची पाहणी करील. त्याचा जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण कंपनीकडे. प्रोसेसिंग फी दोन टक्के, परत मिळणार नाही. दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत चेअरमननी स्वतः शेडवर येऊन स्टेटमेंट द्यावं. शनिवारी आल्यास सर्व्हर डाऊन असेल.

अर्जाचा नमुना टाइप करून प्रोप्रायटरने सगळ्यात मोठ्या पार्टीच्या पर्चेस डिपार्टमेंटला मेल केला. गंमत म्हणून, असं तो म्हणाला. पण मेल करताना त्याचा हात जरा थरथरत होता. तिसऱ्याच दिवशी उत्तर आलं. इतक्या झटपट त्या कंपनीने आजवर कशालाच उत्तर दिलेलं नाही. आपल्या सूचनांबद्दल आभार मानले होते. व्हेंडर-भागीदारांशी असा मोकळा संवाद हीच आमची संस्कृती, असंही होतं. पुढे लिहिलं होतं की नव्या आर्थिक वर्षापासून सर्व व्हेंडरांची मुदत ९० वरून १२० दिवस करण्यात येत आहे, तसंच दरात ३ टक्के कपात अपेक्षित आहे. संमती म्हणून सोबतच्या पत्रावर सही-शिक्का करून पाठवावं.

प्रोप्रायटरने ते दोनदा वाचलं. खाली ॲटॅचमेंट होती, चार हजार नगांच्या नव्या ऑर्डरची. त्याने ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि पोराला हाक मारली, "अरे, शाईचं पॅड कुठंय?"