गडग्यावरून 'तुंबाड'

"काय गो शैला, रात्री एकपर्यंत दिवा जळत होता तुमच्याकडे?"

"'तुंबाड' पाहिला, माई. मग मालवायचा धीरच होईना."

"आपल्या खेडजवळचं तुंबाड? पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधलं?"

"नाव तेवढं तिथलं, गोष्ट निराळी. २०१८चा सिनेमा. तेव्हा फारसं कुणी फिरकलं नाही, २०२४ मध्ये परत लावला तर पहिल्या खेपेहून जास्त धंदा! दिग्दर्शक राही बर्वेनं पावसासाठी कितीतरी पावसाळे वाट पाहिली म्हणे. खरंच सांगते, बघताना मला अंथरूण दमट लागत होतं."

"आणि भूत?"

"आधी साखळदंडानं बांधलेली आजी. तिचं बीज नारायण धारपांच्या गोष्टीतलं. काम कुणी केलंय माहितीय? मोहम्मद समदनं. पुढे नायक विनायकाचा मुलगा पांडुरंग होतो ना, तोच पोरगा!"

"अगो बाई, पोरानं?"

"हो ना! आणि मग हस्तर, ते खरं भूत. त्याला मंत्र नाहीत, लिंबू-मिरची नाही. दोरावरून खाली उतरायचं, पिठाचं रिंगण आखून आत बसायचं, कणकेची बाहुली पुढे टाकायची. तो भुकेला तिच्यावर तुटून पडला की लंगोटातून सोन्याच्या मुद्रा ओढायच्या. विनायक कामावर गेल्यासारखा जातो नि घामाघूम होऊन येतो. पुढे पोराला तेच शिकवायला घेतो. मला तर हस्तरापेक्षा त्या बापाचीच धास्ती वाटली."

"म्हणजे खोट काढायला जागाच नाही?"

"आहे की! सुरुवातीलाच हस्तरची जन्मकथा सांगून टाकतात. आधी पोथी, मग भूत, असं कुठे असतं? विनायकाच्या बायकोच्या वाट्याला काही म्हणून येत नाही. आणि शेवटी एकाचे अनेक हस्तर होतात, तिथे माझी भीती पार उतरली. एक होता तोवर छातीत धस्स व्हायचं, घोळका आला नि जत्रा वाटली."

"मराठीत आहे ना?"

"छे! मराठी घर, पण बोलतात सगळे हिंदी. तेही खटकलंच."

"मग बघू की नको?"

"बघा हो. पहिला अर्धा तास चुकवू नका. फक्त रात्रीच्या पोळ्यांची कणीक आधी मळून ठेवा. नंतर त्या परातीत हात घालवणार नाही तुमच्याच्यानं."