बुडत्या संघाला नगरचा प्रशासक

साखर कारखाना बुडाला की पुढे काय होते, हे नगर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संचालक मंडळ बरखास्त होते, ऊसवाले थकीत बिलासाठी दारात बसतात आणि बाहेरून एक प्रशासक येतो. कारखाना त्याने बुडवलेला नसतो, पण शिव्या मात्र त्याच्या नावाने सुरू होतात. आयपीएलमध्ये या खुर्चीवर बसायला खुद्द नगर जिल्ह्यानेच दोन माणसे पुरवली. एक श्रीरामपुरात जन्मलेला जहीर खान, दुसरा संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे.

जहीरला २०१६ मध्ये दिल्ली डेअरडेव्हिल्सचा कर्णधार केले, तेव्हा तिथला ताळेबंद वाचण्यासारखा होता. २०१३ मध्ये १६ पैकी ३ विजय. पुढच्या वर्षी १४ पैकी २. मग २०१५ मध्ये १६ कोटींना युवराज सिंग घेतला आणि हंगाम संपताच सोडून दिला. त्यानंतरच्या लिलावात साडेआठ कोटींना पवन नेगी आला, तोही एका हंगामाचा पाहुणा ठरला. इतके पैसे घालवल्यावर मालकांना साक्षात्कार झाला की संघाची पुनर्बांधणी करायला हवी. मग मार्गदर्शक म्हणून राहुल द्रविड आणि कर्णधार म्हणून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झालेला ३७ वर्षांचा जहीर, अशी सोय झाली. हाताखाली दिली कोवळी पोरे: संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, करुण नायर आणि १ कोटी ९० लाखांना घेतलेला ऋषभ पंत.

पहिल्या वर्षी ७ विजय, ७ पराभव आणि सहावा क्रमांक. दुसऱ्या वर्षी ६ विजय, ८ पराभव आणि पुन्हा सहावाच. सातत्य म्हणतात ते हेच. त्या दुसऱ्या वर्षी जहीर दुखापतीने बाहेर बसला असताना दिल्लीने ३० एप्रिलला मोहालीत सर्वबाद ६७ आणि आठवडा उलटायच्या आत मुंबईविरुद्ध सर्वबाद ६६ असा पराक्रम केला. पुनर्बांधणीत पाया खोल खणावा लागतो हे खरे, पण इतका खोल की पाणीच लागावे?

गंमत पुढे आहे. दिल्लीने संघ वाढवला आणि पीक भलत्यांनी नेले. सॅमसन २०१८ च्या लिलावात राजस्थानने ८ कोटींना नेला आणि पुढे कर्णधार केला. श्रेयसने दिल्लीला २०२० मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचवले खरे, पण चषक जिंकून दिला तो २०२४ मध्ये कोलकात्याला. दर काही वर्षांनी महालिलाव येतो आणि मोजके मोहरे सोडले तर बाकी सगळे बाजारात उभे राहतात. अशा ठिकाणी दहा वर्षांची योजना आखणारा माणूस एकतर संत असावा, नाहीतर त्याला नियम वाचून दाखवणारे कोणी नसावे.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये निदान हरण्याला मोबदला आहे. तळाच्या संघाला नव्या पोरांची निवड करताना वरचा नंबर मिळतो, म्हणून तिथे लोक नियोजनपूर्वक हरतात. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे प्रत्येक हंगामात शंभराहून जास्त सामने हरले आणि २०१७ मध्ये विजेते झाले. (ते विजेतेपद समोरच्या संघाच्या खाणाखुणा चोरल्याच्या प्रकरणाने पुढे डागाळले, हा भाग वेगळा.) अर्थात तिथेही सगळ्यांचे नशीब सारखे नाही. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने गमावून आधुनिक काळातला विक्रम केला. पण मोठ्या शहरातल्या संघाला लागोपाठ दोन वर्षे वरचा नंबर देत नाहीत, असा नियम निघाला आणि एवढे कष्ट करूनही निवडीत दहावा नंबर हाती आला. आपल्याकडे तेवढेही नाही. शेवटून पहिला आलेला संघही लिलावात तीच पिशवी घेऊन बसतो.

आता आश्वीचे रहाणे. या गृहस्थांना आयुष्यात सरळ मार्गाने कर्णधारपद क्वचितच मिळाले. चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणात स्टीव्ह स्मिथ अडकला, म्हणून २०१८ मध्ये राजस्थानची सूत्रे यांच्याकडे आली. त्यांनी संघाला बाद फेरीत नेले, आणि पुढच्याच हंगामात मधूनच सूत्रे काढून पुन्हा स्मिथकडे दिली. अ‍ॅडलेडमध्ये भारत ३६ धावांत आटोपला, कोहली रजेवर घरी निघाला, तेव्हाही हाक यांनाच. मेलबर्नला ११२ धावा काढून त्यांनी कसोटी फिरवली आणि जानेवारी २०२१ मध्ये मालिका जिंकून आणली. असा प्रशासक एखाद्या आजारी कारखान्याला मिळाला असता तर ऊसवाल्यांनी गावात मिरवणूक काढली असती.

कोलकात्याने २०२५ मध्ये मात्र अजब केले. कारखाना नफ्यात, गोदाम भरलेले, नुकताच चषक जिंकलेला. आणि नेमका तो जिंकून देणारा श्रेयस हातातून सुटला. पंजाबने त्याला २६ कोटी ७५ लाखांना उचलले. कोलकात्याने वेंकटेश अय्यरवर २३ कोटी ७५ लाख लावले आणि त्याने हंगामात केल्या १४२ धावा. लिलावाच्या पहिल्या फेरीत कोणीही बोली न लावलेला रहाणे नंतर दीड कोटीच्या मूळ किमतीत घेतला आणि वर कर्णधारपद दिले. स्वस्तात प्रशासक मिळाला! त्याने ३९० धावा काढल्या, पण संघ आठव्या क्रमांकावर राहिला. १५ एप्रिलला १११ धावांचा बचाव करणाऱ्या पंजाबने कोलकात्याला ९५ धावांत गुंडाळले. आयपीएलमध्ये त्याहून कमी धावा राखून कोणी जिंकले नव्हते. रहाणे त्या दिवशी पायचीत झाला, चेंडू यष्टीच्या बाहेर असूनही दाद मागितली नाही, आणि सामन्यानंतर चूक आपलीच म्हणाला. पंजाबचा कर्णधार अर्थात श्रेयस, आणि त्याचा संघ त्या वर्षी अंतिम फेरीत.

त्याच हंगामात लखनौला मार्गदर्शक कोण? जहीर खान. आणि कर्णधार? तोच पंत, आता २७ कोटींचा. त्याने २६९ धावा केल्या. त्यातल्या ११८ शेवटच्या सामन्यात, आणि तोही हरलेला. लखनौ सातवे, कोलकाता आठवे. म्हणजे श्रीरामपूर आणि संगमनेर गुणतक्त्यातही शेजारी. काही महिन्यांत जहीरची मुदत संपली.

पुण्यातल्या पुनर्बांधणीची कथा आणखी थोडक्यात सांगता येते. पुणे वॉरियर्सने २०११, २०१२ आणि २०१३ अशा तिन्ही हंगामांत बरोबर चार-चार सामने जिंकले, ख्रिस गेलला १७५ धावा काढू दिल्या आणि गाशा गुंडाळला. नंतर आलेला पुण्याचा दुसरा संघ २०१६ मध्ये सातवा आला. मग नावातल्या ‘सुपरजायंट्स’चे ‘सुपरजायंट’ केले आणि पुढच्या वर्षी अंतिम सामना एका धावेने हरला. नाव बदलल्याने काय होते, यावर नगरकरांनी सध्या मत न दिलेलेच बरे.

नगर जिल्हा क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र संघटनेत येतो. पण जहीर बडोदा आणि मुंबईकडून खेळला, रहाणे मुंबईकडून. महाराष्ट्राने शेवटचा रणजी करंडक १९४०-४१ मध्ये जिंकला, तेव्हापासून तिथेही काम चालूच आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी, सोलापूर अशा सहा ठिकाणांना संघ मिळाले. नगरला नाही. जिल्ह्यात साखरसम्राट आहेत, शिक्षणसम्राट आहेत, पतसंस्था तर विचारूच नका. त्यांच्यापैकी कोणीतरी मनावर घेऊन नगरला एक संघ काढावा. सुरुवातीची पाच-सात वर्षे तो हरेल, त्याची काळजी करू नये. प्रशासक घरचेच आहेत आणि अनुभवीही.