विंचवाचं बिऱ्हाड, चाक एकच

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण त्याला आठ पाय असतात, हे कुणी सांगत नाही. एड प्रॅट या इंग्रज तरुणाकडे होतं एकच चाक. २०१५ साली तो एकचाकी सायकलवरून सॉमरसेटहून निघाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१८मध्ये घरी परतला. तंबू, स्लीपिंग बॅग, कपडे, सगळा पसारा बरोबर.

आम्ही दोघं त्याचे व्हिडिओ बघत होतो. मी त्याच्या जिद्दीकडे, ही पिशव्यांकडे.

"मागच्या पिशवीत जरा जास्त भरलं तर?"

"उताणा पडेल."

एकचाकीचं पेडल थेट चाकाच्या आसाला जोडलेलं. फ्रीव्हील नाही, त्यामुळे उतारावरसुद्धा पायांना सुट्टी नाही. पुढे-मागे तोल सांभाळायचा तो पेडल कमी-जास्त रेटूनच. मागे ओझं लावलं की पुढेही तेवढंच लावावं लागतं. सॅक पाठीवर घ्यावी, तर सगळा भार सीटवर येतो, आणि एकचाकीवाल्यांत सीट हा आधीच दुखरा विषय. म्हणून प्रॅटच्या ३६ इंची चाकाच्या पुढेही पिशव्या, मागेही पिशव्या.

"म्हणजे पुढच्या पिशवीतला लाडू खाल्ला, की मागचाही खायचा," ही म्हणाली. न्यूटनला हे इतक्या थोडक्यात जमलं नसतं.

शिवाय स्वेटर काढायचा तरी खाली उतरा, आणि लादलेल्या एकचाकीवर पुन्हा चढण्याची कसरत करा. त्यापेक्षा माणूस थंडी वाजतच नाही असं ठरवून टाकेल.

संधी साधून मी टॉमस स्टीव्हन्सचा दाखला दिला. १८८४ ते १८८६ या काळात पुढचं चाक भलंमोठं असलेल्या सायकलवरून जग फिरलेला माणूस. निघताना सामान काय, तर मोजे, एक जादा शर्ट, तंबू आणि अंथरूण म्हणूनही चालणारा रेनकोट आणि एक रिव्हॉल्वर.

"टॉवेल?" हिने विचारलं.

आमच्याकडे दोन दिवस कोकणात जायचं तरी लोणच्याची बरणी निघते. झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद, वर रबरबँड, मग पिशवी, पिशवीला गाठ, त्यावर जुना टॉवेल, आणि हे गाठोडं नेमकं माझ्या पांढऱ्या शर्टांच्या मधोमध. "असू दे, लागलं तर!" कोकणात लोणचं मिळत नाही, अशी हिची ठाम समजूत आहे.

"बघ, तोल सांभाळायचा तर सामान मोजूनमापून न्यावं लागतं," मी म्हणालो.

"अगदी बरोबर," ही उठत म्हणाली. "तुमच्या पुस्तकांची पिशवी किती किलोची असते हो? तेवढं वजन दुसऱ्या बाजूला नको?"

या खेपेला लोणच्यासोबत मुरांबाही येतो आहे. पुस्तकं दोन कमी करावीत का, याचा मी विचार करतो आहे.